सोन्या-तांब्याची काचेची जोडी

तेजराव आबांकडे दोन जोड्या होत्या. एक डोणगावच्या शेतावरच्या गोठ्यात, शिंगं रंगवलेली. दुसरी चिखलीच्या घरात, ओटीवरच्या कपाटात, काचेची. दोन्ही जोड्यांची नावं एकच, सोन्या आणि तांब्या. सकाळी आबा डोळे चोळत बाहेर आले आणि "तांब्या रातभर कुरकुरला" असं म्हणाले, की ऐकणाऱ्याला विचारावं लागे, "कोणता, आबा? चाऱ्याचा का वायरीचा?"

वायरीची जोडी म्हणजे रेडिओत असतात तसे व्हॉल्व्ह. आमच्याकडे त्यांना सरसकट 'वाल' म्हणत. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. चिखलीत वीज आली होती, पण संध्याकाळी दिवे असे लागत की ते लागले आहेत की नाहीत हे पाहायला कंदील घ्यावा. अशा गावात आबांच्या घरी रेकॉर्ड वाजवायचा सेट होता. नागपूरला रेडिओचं काम शिकलेल्या पुतण्यानं तो स्वतः जोडून दिला होता. तीन भाग होते: रेकॉर्ड फिरवायचं यंत्र, एक लहान डबा आणि एक मोठा डबा. सुईतून निघणारा आवाज मुंगीएवढा. लहान डबा त्याची शेळी करतो आणि मोठा डबा त्या शेळीचा हत्ती करतो, असं पुतण्यानं समजावलं होतं. मुंगीचीच शेळी नीट झाली नाही, तर पुढं हत्तीही लंगडाच निघणार. म्हणून सगळी मेख लहान डब्यात, आणि लहान डब्याचा जीव त्यातल्या दोन वालांत.

चौथी वस्तू कर्ण्याची पेटी. ती गावच्या सुतारानं केली होती, आबांच्या मोडलेल्या बैलगाडीच्या बाभळीतून. वजन विचारू नका. मी जिनिंग फॅक्टरीत दिवानजी होतो, कापसाच्या गाठींची वजनं मांडण्यात माझी हयात चाललेली, आणि तरीही त्या पेटीचा माझा अंदाज दर वेळी कमी पडे. ती ओटीवरच्या उंच फळीवर ठेवलेली होती. फळीखाली दोन टेकू होते, आणि त्या टेकूंजवळ बसायला पाहुणे कचरत.

मी आबांच्या शेजारी राहायचो. मला इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता येत, एवढ्या भांडवलावर आबांनी मला त्या सेटच्या कारभारात घेतलं. वालावर बारीक पांढऱ्या अक्षरांत नंबर असे, ई सी सी त्र्याऐंशी. तो वाचून दाखवायचा, इतकंच माझं काम. बाकी सगळी परीक्षा आबांची. आणि ती परीक्षा त्यांनी रेडिओच्या पुस्तकातून नाही, बैलांच्या बाजारातून आणली होती.

आबांचा बैलांतला शब्द मोताळ्यापर्यंत चाले. बाजारात कोणी जोडी घ्यायची झाली की आधी आबांना घेऊन जाई. धिप्पाड माणूस, डोक्याला पांढरं पागोटं, खांद्यावर उपरणं, मिशा अशा की त्यांच्या टोकांना घुंगरं बांधायचं कोणाच्याही मनात यावं. ते बैलासमोर उभे राहत, काही न बोलता एक फेरी मारत, आणि मग एकच वाक्य बोलत. त्या वाक्यावर व्यवहार होई किंवा मोडे.

वाल घेतानाही तसंच. बसस्टँडच्या रस्त्यावर गोपाळशेठचं रेडिओचं दुकान होतं. आबा दुकानात शिरले की शेठ आधी गिऱ्हाइकांना सांगे, "तुमी उद्या या." मग खोक्यातून वाल निघे. आबा आधी पाय पाहत. नऊ पाय. बारीक तारांसारखे.

"हा पाय वाकला हाये, शेठ. कोनीतरी जुंपून पाह्यला अन् वापस केला."

"नाही हो आबा, सीलबंद खोकं तुमच्यासमोर फोडलं."

"बैलाच्या दाताले सील असते काय?"

मग माथा. वालाच्या काचेला वरच्या बाजूला आतून चांदीसारखा मुलामा असतो. तो काळसर चकचकीत असला तर वाल निरोगी. दुधासारखा पांढरा झाला तर आत हवा शिरली, वाल मेला. हे शेठनंच सांगितलं होतं, पण आबांनी ते बैलाच्या कपाळावरच्या चांद्याच्या हिशेबात बसवून टाकलं. मग नखानं हळूच टिचकी. मग कानाजवळ नेऊन हलवणं. मग वास. वालाला वास नसतो, हे मी एकदा बोललो.

"दिवानजी," आबा म्हणाले, "तुमाले रुईचा वास येते काय?"

"जिनात कापसाचा वास रोजचाच आहे, येत नाही आता."

"मंग चूप बसा."

भाव खोक्यावर छापलेला असे. तरी आबा उपरणं पुढं करत. बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दोघांचे हात फडक्याखाली जातात आणि बोटं दाबून आकडा सांगितला जातो. गोपाळशेठचा हात उपरण्याखाली गेला की त्याला गुदगुल्या व्हायच्या. तो खिदळायचा, आबा रागानं त्याच्याकडे बघायचे, आणि बराच वेळ उपरण्याखाली झटापट होऊन शेवटी छापील भावच ठरायचा. आबा समाधानानं हात बाहेर काढत. भाव किती ठरला याला त्यांच्या लेखी फारसं महत्त्व नव्हतं. तो ठरवला गेला पाहिजे, इतकंच.

खरा घोळ पुढं होता. दुकानात मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आबा त्या पाटीखाली उभे राहून सांगत, "दोन दिस जुंपून पाहीन. चालला तर पैसे."

"आबा, पाटी वाचा."

"वाचली. थे मालाबद्दल हाये. हे जनावर हाये."

एकदा शेठनं दुसऱ्या देशाचा वाल काढला. त्यावर नंबर वेगळाच, बारा ए एक्स सात. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की हा आपला नंबर नाही. शेठ म्हणाला, वाल तोच, अमेरिकेत त्याला असं म्हणतात. मला हा प्रकार संशयास्पद वाटला. माझ्या धंद्यात एका गाठीला दोन नंबर म्हणजे घोटाळा. आबांना मात्र क्षणभरही अडचण पडली नाही.

"दिवानजी, एकाच बैलाले डोनगावात सोन्या म्हंते, मोताळ्यात चांद्या. विकला का नाव बदलते. बैल बदलते काय?"

आणि तो वाल खरोखर चालला. आबांच्या शास्त्रातलं काय खरं आणि काय खुळं हे आकडेमोड करणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत पुरतं कळलं नाही. टिचकी मारणं योग्य होतं. नाजूक वालाला टिचकी मारली की कर्ण्यातून 'टण्ण' आवाज येतो, तो घ्यायचा नाही. दोघांपैकी शांत वाल पहिल्या खाचेत घालायचा हेही योग्य होतं, कारण पहिल्यानं केलेली कुरकुर पुढं हत्ती होऊन बाहेर पडते. आबा ते नांगराच्या भाषेत सांगत: "चार बैलांच्या नांगराले पुढचा शांत पाह्यजे. पुढचा बुजला का मांगचे सारे बुजते." पण एक वाल गेला तरी दोन्ही बदलायचे, जोडी मोडायची नाही, हा नियम निव्वळ गोठ्यातला होता. चांगला धडधाकट वाल केवळ जोडीदार गेला म्हणून निवृत्त होई. त्याला विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. एका बिस्किटाच्या डब्यात माझ्या जिनातला कापूस घालून आबांनी या सगळ्यांची सोय केली होती. त्या डब्याला घरात 'पांजरपोळ' म्हणत.

पोळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय आबा कळायचे नाहीत. पोळ्याला बैलांना कामाला लावत नाहीत, म्हणून त्या दिवशी सेट बंद. हे मी समजू शकलो. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी करतात, वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात आणि म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एका वर्षी डोणगावची खांदशेकणी उरकून आबा चिखलीला आले आणि त्यांना वाटलं, या जोडीनं काय कमी ओढलं? त्यांनी लहान डबा उघडला, दोघांना बाहेर काढलं, आणि जिथं ते खाचेत बसतात तिथं, म्हणजे पायांच्या मुळाशी, हळद-लोणी चोळलं. आवतण दिलं. परत जुंपलं.

पोळ्याचा दिवस विश्रांतीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेट लावला. आधी कर्ण्यातून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज आला. मग खमंग वास सुटला. आमच्या घरात माझी बायको म्हणाली, "आबांकडे आज सकाळीच काय तळताहेत?" मग गाणं सुरू झालं. पण ते गाणं नव्हतं, गाणारीण उकळत्या कढईत उभी राहून गात असावी असं काहीतरी होतं.

गोपाळशेठ स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. त्यानं डबा उघडला, बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"आबा, यात फोडनी कोनं टाकली?"

"फोडनी नाही, शेठ. खांदशेकनी."

 शेठनं रॉकेलच्या चिंधीनं एकेक खाच पुसली आणि जाताना डब्याला हात जोडले. पुढल्या वर्षापासून हळद-लोणी डब्याला लांबून दाखवण्यात येऊ लागलं.

याच शेठनं पुढं आबांना ट्रान्झिस्टर दाखवला. नवीन निघाला होता. तळहाताएवढा, वाल नाहीत, तापणं नाही, खिशात घालून शेतात न्यावा. आबांनी तो उलटासुलटा करून पाहिला. पाय दिसेनात, माथा दिसेना, टिचकी मारायला काच नाही.

"आत कोन हाये?"

"कोणी नाही, आबा. बारीक बारीक ठिपके आहेत."

आबांनी तो परत दिला. "हे ट्रॅक्टर हाये," ते म्हणाले. "याले पोळा नाही."

आता सोनामायबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा खटाटोप कोणासाठी होता ते त्याशिवाय समजणार नाही.

सोनामाय म्हणजे आबांची बायको. लहानखुरी, सावळी, सतत काहीतरी निवडत किंवा सोलत बसलेली. तिची एक सवय होती. घरी म्हैस होती आणि धार काढताना माय म्हशीच्या कुशीला डोकं टेकवून बसायची. पुढं म्हैस डोणगावला पाठवली, पण टेकायची सवय राहिली. भुईमूग फोडताना ती शेजारी जे असेल त्याला डोकं लावायची: चौकट, खांब, ज्वारीची कणगी. "डोकं टेकलं नाही तं हात चालत नाही," म्हणायची.

दुसरी सवय गुणगुणण्याची. आबांकडे रेकॉर्डी बऱ्याच होत्या, पण मायची एकच. एका बाईनं गायलेलं, जात्यावरच्या ओवीच्या चालीचं गाणं. आबांनी ती लावली की स्वयंपाकघरातून मायचा आवाज येई. गंमत अशी की माय गाणारणीबरोबर म्हणत नसे. ती एक पाऊल पुढं असे. पुढचा शब्द आधी मायच्या तोंडून, मग रेकॉर्डमधून. नवख्या माणसाला वाटावं, की गाणारीण आमच्या सोनामायच्या मागून शिकते आहे. आबा ओटीवर डोळे मिटून बसत. पाहुण्यांना वाटे ते गाणं ऐकताहेत. गाणं नुसतं निमित्त होतं. त्यांचा कान स्वयंपाकघराकडे असायचा.

एका उन्हाळ्यात ते गुणगुणणं थांबलं.

पहिल्यांदा आबांना वाटलं, माय कामात असेल. मग वाटलं, रुसली असेल. त्यासाठी त्यांनी तिला अकोल्याला नेऊन एक लुगडंही घेऊन दिलं. लुगडं तिनं घेतलं, गाणं काही सुरू केलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं. माय म्हणाली, "सेटात पयलेसारका दम नाही राह्यला. आवाज लय दुरून येते."

झालं. आबांनी त्याच दिवशी जोडी बदलली.

दम आला नाही. पुन्हा बदलली. गोपाळशेठनं अकोल्याहून वाल मागवले. जर्मनीचे आले, हॉलंडचे आले. प्रत्येकाची पाय-माथा-टिचकी परीक्षा झाली, उपरण्याखाली झटापट झाली, प्रत्येक जोडी जुंपली गेली. आबा रेकॉर्ड लावत आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहत. आत माय शांतपणे भाकरी थापत असे. आबा परत येऊन म्हणत, "हे बी कुचकामी." आणि एक निरोगी जोडी पांजरपोळात जाई.

मी ओटीवर असे. मला सेट ठणठणीत ऐकू येत होता. जरा जास्तच, आबांनी आवाजाची कळ इतकी पिळली होती की टेकूंवरची फळी थरथरे आणि मी फळीखालून उठून दाराशी बसे. खरी गोष्ट आळीत सगळ्यांना कळली होती. दूधवाला दारात घसा बसेपर्यंत ओरडे. माझी बायको मायला हाक मारण्याऐवजी तिच्या खांद्याला हात लावू लागली होती. कळत नव्हतं ते फक्त आबांना, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी सरळ बोलणारा माणूस आहे. एकदा म्हणालो, "आबा, वाल नका बदलू. मायचे कान दाखवून या."

आबांनी माझ्याकडे, बाजारात लंगडा बैल दाखवणाऱ्या दलालाकडे बघावं तसं पाहिलं. "तिचे कान चांगले हायेत. मी पैशाचं बोललो का ताबडतोप ऐकते."

मग गोपाळशेठनंच सुचवलं, की खामगावला एका दुकानात वाल तपासायचं यंत्र आलं आहे. वाल बसवायचा, सुई सांगते जिवंत का मेलेला. आबांना यंत्रावर भरवसा नव्हता, पण सगळे उपाय थकले होते. आम्ही पांजरपोळ घेऊन एसटीत बसलो. डबा आबांच्या मांडीवर. गाडी खड्ड्यातून गेली की आबा तो दोन्ही हातांनी वर उचलत, स्वतः आदळत, डबा आदळू देत नसत. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता विचारलं, "काय हाये डब्यात, बाबा? अंडे काय?"

"बैल," आबा म्हणाले.

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

खामगावच्या दुकानदारानं एकेक वाल यंत्रात बसवला. सुई हिरव्या पट्ट्यात गेली. दुसरा. हिरव्यात. जर्मन, हॉलंडचे, अमेरिकेचे, सगळे हिरव्यात. सगळ्यांत शेवटी कापसाच्या तळाशी असलेली पहिली जोडी निघाली, पुतण्यानं बसवून दिलेली. सुई किंचित कमी चढली, पण तीही हिरव्यातच थांबली.

"काका," दुकानदार म्हणाला, "हे सगळे चांगले आहेत. बदलले कशाला?"

आबांनी एकेक वाल परत कापसात ठेवला.  आकड्यांच्या माणसाला एवढं कळतं, की सगळे वाल चांगले असतील तर वजाबाकीत उरतं काय.

परतीच्या गाडीत आबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. कापसाच्या पऱ्हाटीची वावरं मागं पळत होती. मग माझ्याकडे न वळताच ते म्हणाले, "दिवानजी, तुमाले काय वाटते, मले समजलं नाही?"

मी त्यांच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं.

"अकोल्याले नेलं होतं तिले. लुगडं घ्याले म्हनून नेलं, तेच लुगडं. डॉक्टरनं पाह्यलं. म्हने, कान झिजले, आता असंच राहीन. तिले मी सांगतलं, डॉक्टर म्हंते सर्दी हाये."

"मग आबा, हे वाल..."

"कान काही बाजारात भेटत नाही," आबा म्हणाले. "वाल भेटते. जे भेटते थे आनून राह्यलो."

 चिखली येईपर्यंत डबा खड्ड्याखड्ड्याला तसाच वर जात होता.

घरी आल्यावर आबांनी ती पहिली जोडी लहान डब्यात बसवली. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं. हातात डबा होता, रिकामी खाच होती. मग ते उठले, फळीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "उचला."

"काय?"

"पेटी. आवाज तिच्यापासून दूर राह्यते ना? मंग तिच्याजवळ नेऊ."

ती बाभळीची पेटी आम्ही दोघांनी फळीवरून कशी उतरवली ते सांगण्यात अर्थ नाही. एकदा ती माझ्या अंगावर आली, एकदा आबांच्या मिशीला वायर अडकली. आबा मला "हो, हो, डावीकडं, थांब बे, दम धर" असं म्हणत होते. मला म्हणत होते की पेटीला, हे मी विचारलं नाही. स्वयंपाकघरात माय भुईमूग फोडत बसली होती. आम्ही धापा टाकत आत शिरलो.

"अवो, आता काय चुलीवर ठेवता का हे धूड?" माय ओरडली. ऐकू येत नसल्यामुळे ती हल्ली जोरात बोलायची.

जागा एकच होती, तिच्या शेजारी, जमिनीवर. पेटी तिथं ठेवली. आबांनी ओटीवर जाऊन रेकॉर्ड लावली आणि आवाजाची कळ थोडी खालीच ठेवली, कारण शेजारीपाजारी भांडायला येऊ लागले होते. मग नेहमीप्रमाणे दाराशी येऊन उभे राहिले.

माय काही वेळ भुईमूग फोडत राहिली. मग पेटी शेजारी आहे, बसल्या माणसाच्या डोक्याएवढी उंच आहे, अंगाला लागते आहे, तेव्हा सवयीनं तिनं डोकं टेकवलं. म्हशीच्या कुशीला टेकवावं तसं, कानाच्या मागचं हाड लाकडाला लावून.

तिचे हात थांबले. हातातली शेंग तशीच राहिली. तिनं डोकं उचललं, पेटीकडे पाहिलं, पुन्हा टेकवलं. आणि थोड्या वेळानं, बसलेल्या घशानं, बेसूर, पण गाणारणीच्या एक पाऊल पुढं, ती म्हणू लागली.

आबा चौकट धरून उभे होते. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. बोलले ते असं:

"पाह्यलं, दिवानजी? पयली जोडी थे पयली जोडी."

"आबा, जोडीचा इथं काही संबंध नाही. लाकडातून हाडाला..."

"तुमी चूप बसा," आबा म्हणाले. "थे सुरात हाये."

ती सुरात नव्हती. पण मी चूप बसलो.

त्या दिवसापासून वालाच्या परीक्षेत एक भर पडली. पाय, माथा, टिचकी आबांची. शेवटची परीक्षा मायची. नवा वाल जुंपला की ती हात पुसून येई, पेटीला डोकं लावी आणि डोळे मिटून सांगे, "हा बुजते." किंवा, "हा चालते, पन याचा जोडीदार आळशी हाये." आबांपेक्षा ती जास्त चोखंदळ निघाली. मला अगदी निर्दोष वाटलेला वाल तिनं दोनदा परत पाठवला. गोपाळशेठनं शेवटी ती पाटी काढून टाकली.

पुढं माझी नोकरी मोताळ्याच्या जिनात गेली. चिखलीला येणं कमी झालं. तोवर ट्रान्झिस्टर सगळीकडे झाले होते. बंडीवर, दुकानात, उसाच्या रसाच्या गाड्यावर. वाल मिळेनासे झाले होते. एकदा बाजाराच्या कामाला आलो तेव्हा दुपारी आबांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. ओटीवर लहान डबा चालू होता. झाकण काढलेलं, आत दोन वाल निखाऱ्यासारखे मंद लाल. नंबर वाचायची गरज नव्हती, ओळखीचीच जोडी. रेकॉर्ड फिरत होती, पण आवाज जवळजवळ नाहीच. कळ पार खाली केलेली.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. बाभळीची पेटी मधे होती. एका बाजूला माय, डोकं टेकवून, मांडीत सूप. दुसऱ्या बाजूला आबा. पागोटं काढून शेजारी ठेवलेलं, पांढरं डोकं पेटीला लावलेलं, मिशा लाकडावर दबलेल्या. सर्दी आता आबांनाही झाली होती.

"आबा," मी हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "आबा!"

दोघांपैकी कोणी वळलं नाही. माय गाणारणीच्या एक पाऊल पुढं होती, आबा एक पाऊल मागं. मधून ती गाणारीण बिचारी कशीबशी चालली होती.

मी चपला काढल्या आणि रेकॉर्ड संपेपर्यंत उंबऱ्यावर बसलो.